गाण्याची चावी

यंदा गणपतीला माझी धाकटी मुलगी बेंगळूरहून आली ती एक प्रस्ताव घेऊनच. गौरीचे जेवण झाल्यावर सगळे सोप्यात बसलो असताना तिने विषय काढला.

"बाबा, आता आपल्या घरात प्रत्येक खोलीत गाणं लागलं पाहिजे. वायर नको, काही नको. फोनवर बोट फिरवलं की सोप्यात, स्वयंपाकघरात, आज्जीच्या खोलीत, सगळीकडे एकदम. हवं तर प्रत्येक खोलीत वेगळं. पैसे मी देते, कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

माझी आई ब्याऐंशी वर्षांची. तिने सुपारी कातरता कातरताच निकाल दिला. "मला ते बोट फिरवायचं जमत नाही बघ. बटण असलेलं काय असेल तर आण."

मी इतिहासाचा एम. ए. आणि पेशाने हायस्कूलचा मुख्याध्यापक. एखादी वस्तू घ्यायची म्हटली की दुकानात जाण्याआधी तिचा पूर्वेतिहास धुंडाळायची मला खोड आहे. घरचे त्याला हसतात. पण या वेळी त्या खोडीचा उपयोग झाला, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की घरबसल्या हव्या त्या खोलीत गाणे ऐकण्याची कल्पना आजची नव्हे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातले गायन टेलिफोनच्या तारेवरून लोकांना ऐकवले. दोन कानांना दोन वेगळे श्रवणयंत्र लावून ऐकायचे. त्यातूनच पुढे 'थिएट्रोफोन' नावाची वर्गणीची सेवा निघाली. १८९३ साली बुडापेस्टमध्ये तिवादार पुश्काश याने तारेवरून बातम्या आणि संगीत घरोघर पोचविणारे 'बोलते वर्तमानपत्र' सुरू केले. अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी याने तर १८८८ सालच्या आपल्या कादंबरीत इसवी सन २००० मधले घर रंगविताना, खोलीत एक-दोन खुंट्या फिरवताच दूरच्या सभागृहातले वादन घुमू लागते, असे लिहून ठेवले आहे. त्याच्या कल्पनेत ते बिछान्यात पडल्यापडल्याही ऐकता येत होते!

१९०६ साली न्यूयॉर्कमध्ये थॅडियस केहिल याने सुमारे दोनशे टन वजनाचे वीजवाद्य उभारून त्याचे सूर टेलिफोनच्या तारांवरून उपाहारगृहांत आणि घरांत सोडले. ते सूर शेजारच्या तारांत शिरून लोकांच्या बोलण्यात व्यत्यय आणू लागले आणि थोड्याच वर्षांत तो धंदा बसला. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान होती. गाणे तारेच्या दुसऱ्या टोकाला होते. ते टोक ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर श्रोत्याचे कान.

ग्रामोफोनने याच्या उलट केले. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गेसबर्ग याने कलकत्त्यात गोहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि हिंदुस्थानी संगीत तबकडीवर आले. ग्रामोफोन मात्र महाग. फार थोड्या घरांत तो असे. बाकीच्यांनी तो चहाच्या दुकानाबाहेर उभे राहून ऐकायचा. आपल्या शेजारच्या गदग गावी लहानग्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी अशीच ऐकली आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

आमच्या आजोबांकडे एक जुना ग्रामोफोन होता. त्याला चावी द्यायचे काम आम्हा मुलांचे. एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. चावी कमी पडली की गायिकेचा आवाज हळूहळू पुरुषी होत जाई आणि आम्ही हसून लोळत असू. आज वाटते, त्या यंत्राचे सारे मोठेपण त्या चावीत होते. ती घरातल्याच माणसाच्या हातात होती. वीज नको, वर्गणी नको, कोणाची परवानगी नको.

मग रेडिओ आला आणि चावी पुन्हा घराबाहेर गेली. माझ्या लहानपणी वडील दरवर्षी रेडिओच्या परवान्याचे पुस्तक घेऊन पोस्टात जात. पैसे भरून शिक्का मारून आणत. १९८० च्या दशकात तो परवाना गेला. नुसता परवानाच नव्हे, काय ऐकायचे हेही दिल्लीत ठरे. पेटीचा सूर भारतीय संगीताला मानवत नाही म्हणून १९४० पासून तीसेक वर्षे रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक ज्या बेळगावात राहिले, त्या गावाला ही बंदी किती बोचली असेल! १९५२ साली नभोवाणी खाते आपल्याच एका मराठी विद्वानाकडे, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठा आधार दिला, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. पण श्रोत्यांनी काय केले? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती काढावी लागली.

त्याच काळाची दुसरी बाजूही आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते. आई त्या वेळी अकरा-बारा वर्षांची होती. गल्लीत रेडिओ एक आणि ऐकणारे चाळीस, असे ती सांगते. पुढचे गीत ऐकण्यासाठी आठवडाभर थांबावे लागे. त्या थांबण्यातही काही गोडी असावी.

सीमेवरच्या आम्हा लोकांच्या घरात रेडिओची सुई हा एक नाजूक विषय होता. धारवाड केंद्र १९५० पासूनचे. सांगली १९६३ चे. पलीकडे पुणे, खाली पणजी. सकाळी वडील सांगलीची भक्तिगीते लावीत. शेजारचे अण्णा कन्नड. ते धारवाडच्या बातम्यांना आमच्याकडेच येऊन बसत. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल या दोघांचे गाणे लागले की मात्र सुई कोणी हलवत नसे. मन्सूरांनी कन्नड वचने गायिली आणि मराठी नाट्यपदेही. आमच्या माजघरात भाषेचा तंटा सोडविणारे ते खरे पंच.

१९८० च्या आसपास कॅसेट आली आणि चावी पुन्हा हाती लागली. एवढेच नव्हे, ऐकणारा स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागला. १९८६ च्या आषाढी एकादशीला आमच्या माजघरात झालेले भजन मी टेपवर घेतले होते. वडिलांचा आवाज, आणि टाळ अण्णांचे. अण्णांनी मध्येच पुरंदरदासांचे एक पद म्हटले, तेही त्यात आहे. आज दोघेही नाहीत. ती कॅसेट कपाटात आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणारच आहे.

आता मुलीच्या प्रस्तावाकडे वळू. गाणी इंटरनेटवरून वाहत येऊ लागली आणि भारतात २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर ती घरोघर पोचली. पण एकच गाणे चार खोल्यांत, बिनतारी आणि अगदी एका ठोक्यावर वाजविणे हे वाटते तितके सोपे नाही. शाळेच्या मैदानावर राष्ट्रगीत चालू असताना मागच्या रांगेतली मुले मागे पडलेली ऐकू येतात, हा माझा रोजचा अनुभव. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरून येणारा सूर जवळजवळ पाव-तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. दोन खोल्यांतल्या स्पीकरांत याच्या दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त फरक पडला, तरी कानाला प्रतिध्वनी जाणवू लागतो. ब्लूटूथची मूळ योजना एका फोनने जवळच्या एका पेटीशी बोलावे अशी. जाड भिंतीपलीकडे त्याचा आवाका संपतो. म्हणून बहुखोली व्यवस्था घरातल्या वाय-फायवर चालते. गाण्याचे छोटे तुकडे सगळ्या पेट्यांकडे थोडे आधीच पाठवायचे, प्रत्येक तुकड्यावर 'अमुक क्षणी वाजव' अशी चिठ्ठी लावायची आणि सगळ्यांची घड्याळे सतत जुळवीत राहायची, अशी ही युक्ती.

कॅलिफोर्नियात २००२ साली निघालेल्या सोनोस कंपनीने ही युक्ती घरगुती मालात आणली. २००५ साली त्यांचा पहिला संच बाजारात आला. त्याच्याही आधी, २००१ पासून, स्लिम डिव्हायसेस नावाच्या एका छोट्या कंपनीने संगणकातली गाणी घरात वाजविणारी पेटी विकायला सुरुवात केली होती. पुढे गुगल, अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन सगळेच या धंद्यात उतरले.

येथपर्यंत कथा प्रगतीची आहे. पण पुढची पाने वाचताना मला पोस्टातला तो परवाना आठवला. जानेवारी २०२० मध्ये सोनोसने आपल्या जुन्या पेट्यांना मेपासून नवी सुधारणा मिळणार नाही असे जाहीर केले. ग्राहक इतके खवळले की कंपनीच्या प्रमुखाला क्षमा मागावी लागली आणि जुन्यांसाठी वेगळी सोय ठेवावी लागली. मे २०२४ मध्ये त्यांनी फोनवरचे अ‍ॅप बदलले, तेव्हा गजर लावण्यासारख्या साध्या सोयीही गायब झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. गुगलने २०१५ साली जुन्या स्पीकरला जोडायची एक स्वस्त चकती काढली, २०१९ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबविले. मार्च २०२५ मध्ये तर एक दिवस जगभरच्या त्या चकत्या अचानक नव्या जोडण्या नाकारू लागल्या. कारण काय? तिच्यातल्या ओळखपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती! काही दिवसांत दुरुस्ती आली, पण तोवर चकती चांगली, स्पीकर चांगला, वीज चालू, आणि घर मुके.

याउलट स्लिम डिव्हायसेसचे पाहा. ती कंपनी लॉजिटेकने विकत घेतली आणि २०१२ साली तो माल बंदही केला. पण गाणी पुरविणारी त्यांची संगणकप्रणाली खुली होती. हौशी लोकांनी ती सांभाळली, आणि त्या जुन्या पेट्या त्यानंतरही वाजत राहिल्या. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीच्या वारसदार सारेगामाने २०१७ साली 'कारवाँ' काढला. पाच हजार गाणी पेटीतच भरलेली, इंटरनेट नको, समोर ठसठशीत बटणे. शहाण्यांनी त्याला नाके मुरडली. म्हाताऱ्यांनी तो उशाशी ठेवला. चावी घरात आली होती ना!

मीही एकदा ठेच खाल्लेली आहे. आठ वर्षांपूर्वी एका कंपनीचा बिनतारी स्पीकर मोठ्या हौसेने आणला. तीन वर्षांनी फोन बदलला, आणि नव्या फोनवर त्याचे अ‍ॅप मिळेना. आता त्याच्यावर बायको तुळशीची कुंडी ठेवते.

हे सारे पाहून मी कागदावर चार प्रश्न लिहिले आणि दुकानदाराला तेच विचारले. इंटरनेट गेले तर घरातली गाणी वाजतील का? वायर जोडायला भोक आहे का? फोनवाचून, बटण दाबून चालेल का? उद्या दुसऱ्या कंपनीची पेटी आणली तर ती या पेटीशी बोलेल का? आवाज किती वॅटचा, हा त्याचा आवडता विषय. माझ्या चार प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे त्याला फोन करून विचारावी लागली.

शेवटी चार खोल्यांऐवजी दोन खोल्यांपुरत्या पेट्या घेतल्या, सोप्यात एक आणि स्वयंपाकघरात एक. मातीच्या जाड भिंतीतून वाय-फाय पोचेना, म्हणून मधल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा राउटर बसविला. या कामाचा खर्च हिशेबात आधीच धरावा, ही वाचकांना आगाऊ सूचना. आईच्या खोलीत बटणांचे यंत्र ठेवले. तिची काही तक्रार नाही.

राहिला प्रश्न प्रत्येक खोलीत वेगळ्या गाण्याचा. माझी पत्नी गोकाकची. ती स्वयंपाक करताना वचने ऐकते, मी सोप्यात नाट्यगीते. पहिले आठ दिवस दोघेही खूश होतो. मग माझ्या ध्यानात आले की आठ दिवसांत तिच्या पेटीवर काय लागले होते, हे मला सांगता येणार नाही. पूर्वी एका सुईवरून भांडत होतो खरे, पण त्या भांडणापायीच मला कन्नड पदे पाठ झाली आणि अण्णांना अभंग. चार खोल्यांत चार गाणी लावून देणारे यंत्र भांडण मिटविते, आणि त्याबरोबर शेजारच्याची भाषा कानावर पडण्याची वाटही बुजविते. दोन्ही पेट्या एकत्र जोडण्याची सोय त्याच यंत्रात आहे. ती वापरायची की नाही, एवढे कंपनी ठरवीत नाही. आता संध्याकाळी सात ते आठ दोन्हीकडे एकच गाणे लागते. एक दिवस तिची निवड, एक दिवस माझी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून आणला, त्याची वायर सोप्यातल्या पेटीच्या भोकात घातली आणि १९८६ ची ती कॅसेट लावली. वडिलांचा आवाज एकदम सोप्यातून आणि स्वयंपाकघरातून आला. आई तिच्या खोलीतून भिंत धरत धरत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. अण्णांचे पद सुरू झाले तेव्हा पत्नीने गॅस बंद केला.

हे गाणे जगातल्या कुठल्याही कंपनीच्या भांडारात नाही. दुकानात गेलात तर ते वायरचे भोक आहे का, एवढे मात्र विचारून घ्या.