निर्बंध की वाटाघाटी? योंगब्योनच्या आठ वर्षांचा हिशेब

१/ शत्रुत्व बाळगणारे राष्ट्र अण्वस्त्र बनवू पाहत असेल, तर निर्बंध लादावेत की बोलणी करावीत? हा वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो आणि दोन्ही बाजूंची उत्तरे ठरलेली असतात. आजच्या धाग्यात उत्तर कोरियाचे प्रकरण पाहू. तेथे दोन्ही उपाय एकाच राजवटीवर, एकाच अणुकेंद्रासाठी, पाठोपाठ वापरले गेले. त्यामुळे तुलना करता येते.

२/ उत्तर कोरियाने डिसेंबर १९८५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली. १९८६ पासून योंगब्योन येथे ५ मेगावॉटची छोटी अणुभट्टी सुरू झाली. तिची वीज नावापुरतीच होती. जगाला चिंता होती ती तिच्या वापरलेल्या इंधनाची, कारण त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की बॉम्बसाठी लागणारे प्लुटोनियम हाती येते.

३/ १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तेथे पोहोचले. आपण १९९० मध्ये एकदाच, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळे केले, असे प्योंगयांगने कळवले होते. निरीक्षकांनी घेतलेल्या नमुन्यांनी मात्र निराळीच कथा सांगितली: हे काम एकाहून अधिक वेळा झाले असावे.

४/ संस्थेने अणुकचऱ्याच्या दोन संशयित जागा पाहण्याची मागणी केली. उत्तर म्हणून १२ मार्च १९९३ रोजी उत्तर कोरियाने करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. नोटिशीची मुदत तीन महिन्यांची असते. ती संपायला एक दिवस उरला असताना, अमेरिकेशी बोलणी होऊन ही माघार स्थगित झाली. पेच मात्र सुटला नाही.

५/ मे १९९४ मध्ये संकट शिगेला पोहोचले. भट्टीतून सुमारे ८,००० इंधनसळ्या बाहेर काढण्यास सुरुवात झाली, तीही निरीक्षकांना हवे तसे नमुने न घेऊ देता. कोणती सळी भट्टीत कुठे होती, यावरून भट्टीचा पूर्वेतिहास वाचता येतो. सळ्यांची सरमिसळ झाली की तो पुरावा गेला. शिवाय त्या सळ्यांतले प्लुटोनियम चार ते सहा बॉम्बना पुरेल, असा अंदाज होता.

६/ अमेरिकेने सुरक्षा परिषदेत टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांचा मसुदा पुढे केला. निर्बंध म्हणजे युद्धाची घोषणा समजू, असे उत्तर कोरियाने बजावले. ही धमकी पोकळ नव्हती. सोल शहर सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, वस्ती सुमारे एक कोटी आणि शेकडो तोफा रोखलेल्या. दक्षिण कोरियात अमेरिकेचे सुमारे ३७,००० सैनिक होते. योंगब्योनवर हवाई हल्ल्याची योजनाही पेंटागॉनने तयार ठेवली होती.

७/ १६ जून १९९४. व्हाइट हाउसमध्ये क्लिंटन आणि त्यांचे सल्लागार कोरियात आणखी किती फौज धाडावी याचा विचार करत होते. त्याच बैठकीच्या वेळी प्योंगयांगहून दूरध्वनी आला. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर खासगी नागरिक म्हणून तेथे गेले होते. किम इल सुंग अणुकार्यक्रम गोठवण्यास आणि निरीक्षकांना राहू देण्यास तयार आहेत, असे त्यांनी कळवले आणि सीएनएनवरून ते जाहीरही केले. वॉशिंग्टनमध्ये अनेकांना हे रुचले नाही.

८/ या प्रसंगाचे दोन अर्थ लावले जातात. कोणी म्हणतात, शिष्टाईने युद्ध टळले. कोणी म्हणतात, निर्बंधांच्या धाकाने किम नमले. येथे एका तपशिलाकडे लक्ष द्या. निर्बंध अजून मंजूर झालेलेच नव्हते. ते टेबलावरच्या मसुद्यात होते आणि म्हणूनच मागे घेता येत होते. धाक आणि सवलत एकाच कागदात सामावली होती.

९/ ८ जुलै रोजी किम इल सुंग यांचे निधन झाले, तरी बोलणी थांबली नाहीत. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हात अमेरिकेचे रॉबर्ट गलूची आणि उत्तर कोरियाचे कांग सोक जू यांनी आराखड्यावर सह्या केल्या. योंगब्योनची भट्टी आणि बांधकाम चालू असलेल्या दोन मोठ्या भट्ट्या गोठवायच्या. ८,००० सळ्या डब्यांत बंद करून निरीक्षकांच्या नजरेखाली ठेवायच्या.

१०/ बदल्यात उत्तर कोरियाला दर वर्षी ५ लाख टन जड इंधनतेल, म्हणजे आपल्याकडे कारखान्यांत वापरतात ते फर्नेस ऑइल, मिळणार होते. शिवाय २००३ पर्यंत सुमारे १,००० मेगावॉटच्या, हलक्या पाण्यावर चालणाऱ्या दोन अणुभट्ट्या. तीन महिन्यांत व्यापारावरील बंधने सैल करण्याचे आणि पुढे राजनैतिक संबंधांकडे जाण्याचे वचनही त्यात होते.

११/ हलक्या पाण्याच्याच भट्ट्या का? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या याच जातीच्या आहेत. त्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते स्वतः बनवता येत नसेल तर बाहेरून आणावे लागते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि तारापूरचे इंधन पुढे फ्रान्सकडून आणावे लागले. इंधनाचा नळ ज्याच्या हाती, त्याचे वजन किती असते, हे आपण अनुभवले आहे.

१२/ मात्र हा आराखडा म्हणजे सिनेटने संमत केलेला तह नव्हता. सह्या होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली. तेलासाठी पैसा मिळवताना दर वर्षी ओढाताण होऊ लागली आणि जहाजे उशिरा पोहोचू लागली. व्यापारी निर्बंधांत लक्षणीय सूट मिळाली ती थेट जून २००० मध्ये. २००३ मध्ये पुऱ्या व्हायच्या भट्ट्यांचे पहिले काँक्रीट पडले ऑगस्ट २००२ मध्ये!

१३/ तरीही जमेची बाजू ठळक आहे. १९९४ ते २००२ या आठ वर्षांत योंगब्योनची भट्टी बंद राहिली आणि तेथे नवे प्लुटोनियम तयार झाले नाही. सळ्या डब्यांत होत्या, दारांवर मोहोर होती, निरीक्षक तेथेच राहत होते. हे केवळ कोणाच्या शब्दावर विसंबलेले नव्हते. रोज तपासले जात होते.

१४/ आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. याच काळात उत्तर कोरियाने गुपचूप युरेनियमचा मार्ग धरला. पाकिस्तानच्या ए. क्यू. खान यांच्या जाळ्याने सेंट्रिफ्यूज पुरवले. पुढे मुशर्रफ यांनीही आत्मचरित्रात याची कबुली दिली. ही फसवणूक होती. वाटाघाटींचे समर्थन करणाऱ्याने हे पान गाळू नये.

१५/ प्रश्न असा की, फसवणूक उघडी पडल्यावर काय करावे? ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेने प्योंगयांगला जाब विचारला. पुढच्याच महिन्यात तेल थांबवण्याचा निर्णय झाला. डिसेंबरात निरीक्षकांची हकालपट्टी झाली, १० जानेवारी २००३ रोजी उत्तर कोरियाने करार सोडल्याचे जाहीर केले, भट्टी पुन्हा सुरू झाली आणि डब्यांतल्या सळ्या प्रक्रियेसाठी गेल्या. युरेनियमचे दार अर्धवट उघडे सापडले, म्हणून प्लुटोनियमच्या दारावरचे कुलूपही गेले.

१६/ सप्टेंबर २००५ मध्ये बीजिंगला सहा देशांच्या बैठकीत उत्तर कोरियाने सर्व अण्वस्त्रे सोडण्याचे तत्त्वतः मान्य केले. त्याच महिन्यात अमेरिकी अर्थखात्याने मकाऊच्या बँको डेल्टा एशिया या बँकेवर हरकत घेतली आणि उत्तर कोरियाचे सुमारे २.५ कोटी डॉलर अडकले. रक्कम किरकोळ, पण इतर बँकाही त्या देशाशी व्यवहार करायला कचरू लागल्या. निर्बंध म्हणून हा घाव वर्मी बसला.

१७/ आणि फलित? नोव्हेंबरनंतर वर्षभराहून अधिक काळ बोलणी ठप्प झाली. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली. २००७ मध्ये ते डॉलर परत करायचे ठरले, तेव्हा त्या पैशाला हात लावायला बँक मिळेना. अखेर अमेरिकेच्या आणि रशियाच्या मध्यवर्ती बँकांमार्फत पैसे पोहोचले आणि जुलैमध्ये योंगब्योन पुन्हा बंद झाले. निर्बंध कामी आला, पण उठवल्यावर!

१८/ माझ्या मते या प्रकरणाचे सार येथे आहे. निर्बंध हे गहाण ठेवलेल्या दागिन्यासारखे असतात. हप्ते फेडले तर दागिना परत मिळेल, असा विश्वास असेल तोवरच कर्जदार हप्ते भरतो. सावकार दागिना परत देऊच शकत नाही, असे एकदा वाटले की तो फेडणे सोडतो. लादलेला निर्बंध उठवण्याची ताकद स्वतःच्या संसदेत नसेल, तर मुत्सद्द्याच्या हाती उरते काय?

१९/ उत्तर कोरियाने कधीतरी मनापासून अण्वस्त्रे सोडली असती का? कदाचित नाही. पण मनातला हेतू तारखांत सापडत नाही. भट्टी कधी चालू होती आणि कधी बंद, हे सापडते. त्या कसोटीवर अपुरा, रडतखडत पाळलेला, फसवणुकीने डागाळलेला करारही त्यानंतरच्या करारहीन वर्षांपेक्षा सरस ठरतो.

२०/ शेवटी एक आकडा. १९९४ मध्ये ठरले, उत्तर कोरियाला दर वर्षी ५ लाख टन तेल द्यायचे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरक्षा परिषदेने ठरवले, त्या देशाला वर्षाला ५ लाख पिंपांहून अधिक शुद्ध केलेले तेल जाता कामा नये. दोन्हींत आकडा पाचच लाखांचा. मधल्या काळात सहा अणुचाचण्या होऊन गेल्या होत्या. मतभेद असतील तर जरूर लिहा. फक्त तारखा हाताशी ठेवून लिहा.