डिफरन्शियल इक्वेशनचं मॉडेल एका फाइल फॉरमॅटमधून दुसऱ्यात कसं न्यायचं?

रक्तातलं औषध तासागणिक किती कमी होतं, अशा बदलांचं मॉडेल डिफरन्शियल इक्वेशन म्हणजेच विकलक समीकरणांत मांडतात. पण प्रत्येक सॉफ्टवेअरची फाइल वेगळी असते, म्हणून कन्व्हर्टर लागतो.

एसबीएमएल: जीवशास्त्रात प्रचलित असलेला, एक्सएमएलवर आधारलेला फॉरमॅट, पहिली आवृत्ती २००१ सालची. यात बहुधा थेट समीकरणं नसतात. रासायनिक अभिक्रिया आणि त्यांचे वेग असतात. त्यावरून समीकरणं सॉफ्टवेअर तयार करतं.

एक्सपीपीऑट: याच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये समीकरणंच लिहिलेली असतात.

कोपासी: हे मोफत सॉफ्टवेअर एसबीएमएल फाइल उघडून ती एक्सपीपीऑटसाठी एक्सपोर्ट करून देतं.

उलटा प्रवास मात्र अवघड. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत. तसंच नुसत्या समीकरणांवरून मूळ अभिक्रिया नेमक्या कळत नाहीत.

खरा धोका वेगळाच आहे. ‘आठव्या तासाला दुसरा डोस’ असा इव्हेंट कन्व्हर्ट करताना गळू शकतो, आणि तरीही नवी फाइल बिनतक्रार चालते. म्हणून दोन्ही फाइल्स सारख्याच सुरुवातीच्या किमती देऊन चालवा आणि आलेख एकावर एक ठेवून बघा. जुळले तरच पुढे जा. मूळ फाइल जपून ठेवा.