डब्लिन कोअर

डिजिटल ग्रंथालयातील नोंदींसाठीचे मेटाडेटा-मानक. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन येथे भरलेल्या कार्यशाळेत त्याचा पाया घातला गेला. शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा इ. १५ घटक, एकही सक्तीचा नाही, प्रत्येक कितीही वेळा वापरता येतो. १९६० च्या दशकातील ‘मार्क’ या ग्रंथालयीन तालिकीकरणाच्या मानकाला तरबेज तालिकाकार लागे, डब्लिन कोअरची नोंद मात्र कोणीही भरू शकतो. २००३ मध्ये आयएसओ १५८३६ म्हणून मान्यता.

विस्तार : पुढे घटकांना त्यांचा अर्थ नेमका करणारी विशेषके जोडली गेली, एक्सएमएल (१९९८) व आरडीएफ (१९९९) यांतील मांडण्या आल्या, विषयवार वापर-आराखडे तयार झाले. हा विस्तार अनाठायी नव्हता. पण रोजच्या कामात तो फारसा उतरला नाही, हे पुढील उदाहरणातून दिसते.

कृषिकोश : भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या व्यवस्थेतील या भांडारात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) प्रबंध आहेत. भांडार डीस्पेस (२००२) या मुक्त प्रणालीवर चालते. समजा, ‘परभणी क्रांती’ या भेंडीच्या वाणावरील प्रबंध चढवायचा आहे. डीस्पेसमध्ये विद्यार्थी, मार्गदर्शक, पदवीचे वर्ष आणि फाइल चढवल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत राहतात. दुसऱ्या संकेतस्थळाने ओएआय-पीएमएच या नोंदी गोळा करण्याच्या पद्धतीने नोंद उचलली की किमान साधे डब्लिन कोअर देणे बंधनकारक असते आणि तिथे विशेषके गळतात. डीस्पेसच्या मूळ मांडणीत पदवीचे वर्ष, दाखल केल्याची व उपलब्ध झाल्याची तारीख ही तिन्ही ‘दिनांक’ याच घटकात पडतात. मग जुना प्रबंध शोधयंत्रात चढवल्याच्या वर्षाचा दिसू शकतो. नोंद उचलणारी जोडणी लिहिणाऱ्या प्रोग्रामरला तिन्हींतून एक तारीख निवडावीच लागते. बहुधा तो सर्वांत जुनी घेतो, आणि ते योग्यच. तारीख चुकली तर वाणाच्या संशोधनाचा क्रमच बिघडतो, म्हणून तालिकाकाराने याच रकान्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे.

प्रकाशक : विद्यापीठाचे आधीचे नाव मराठवाडा कृषी विद्यापीठ. जुन्या प्रबंधावर छापलेले नाव तसेच ठेवून आजचे नाव जोडावे. घटक पुन्हा वापरता येत असल्याने यात अडचण नाही, मात्र कोणते नाव कोणत्या काळातले हे साधी नोंद सांगत नाही.

विषय : अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोव्होक शब्दसंग्रह उपयुक्त.

भाषा : मराठीसाठी आयएसओ ६३९ मध्ये ‘एमआर’ व ‘एमएआर’ असे दोन संकेत, एका भांडारात एकच वापरावा.