व्यक्ती

पुरुषालाही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो. कृती, गती, स्मृती यांच्यासारखेच हे ‘-ति’ प्रत्ययाचे भाववाचक नाम, म्हणून स्त्रीलिंगी. मूळ ‘वि’ + ‘अञ्ज्’. अञ्ज् म्हणजे माखणे, लेपणे आणि त्यातूनच उजळवणे, स्पष्ट करणे. डोळ्यांतले अंजन, दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग, वर्णमालेतली व्यंजने, ही सारी याच धातूची लेकरे. व्यक्ती म्हणजे आधी प्रकट होणे. प्रकट होणारा माणूस हा अर्थ नंतरचा.

पिकासोने १९१० मध्ये आपला कलाविक्रेता दानिएल-आन्री कानवायलर याचे व्यक्तिचित्र रंगवले. ते आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. करड्या-तपकिरी रंगाचे तुकडे, कोनांमध्ये विखुरलेला चेहरा. मग हळूहळू केसांचे वळण दिसते, घड्याळाची साखळी, एकमेकांत गुंतवलेले हात. माणूस एकदम समोर येत नाही, आपण पाहत राहतो तसा उमटत जातो. हुबेहूब चित्रात माणूस प्रकट होऊन चुकलेला असतो. इथे ती क्रिया अजून चालू आहे. ‘व्यक्ती’चा जुना अर्थ मला याच चित्रात सर्वांत जिवंत वाटतो.

अशा चित्राला आपण सहज ‘अमूर्त’ म्हणतो. ‘मूर्त’ आला ‘मूर्छ्’ धातूपासून: घट्ट होणे, गोठणे. अमूर्त म्हणजे न गोठलेले. स्वभाव रंगवायचा असेल, तर याहून नेमके विशेषण मराठीत मला दिसत नाही.