कालव्यातून निघालेलं कलम

अमेरिकेत व्हरमाँट सोडलं तर बहुतेक सगळ्या राज्यांवर जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्याची सक्ती आहे. अनेक ठिकाणी ती थेट राज्यघटनेतच आहे. हा पूर्वजांच्या काटकसरीचा वारसा, असं तिथले पुढारी भाषणात सांगतात. कूळ शोधायला गेलं तर सापडतं दिवाळं.

न्यूयॉर्कचा ईरी कालवा १८२५ साली सुरू झाला आणि टोलवर कर्ज फिटेल इतका चालला. शेजाऱ्याची विहीर लागली म्हटल्यावर सगळ्यांनीच खणायला घेतलं. इंडियानानं १८३६ साली कालवे, रस्ते आणि रेल्वेसाठी एका दमात एक कोटी डॉलर कर्ज काढायचं ठरवलं. त्यातला सेंट्रल कॅनॉल होणार होता सुमारे ३०० मैलांचा. वापरात आला जेमतेम आठ मैल. तो तुकडा आजही इंडियानापोलिसमधून वाहतो.

१८३७ च्या मंदीनं पैसा आटला. पुढच्या काही वर्षांत आठ राज्यांनी आणि फ्लोरिडा प्रदेशानं व्याज थकवलं. पेनसिल्व्हेनियाच्या रोख्यांत पैसे अडकलेले इंग्रज धर्मोपदेशक सिडनी स्मिथ यांनी तर थेट अमेरिकी काँग्रेसकडे अर्ज केला.

मग कलमं आली. ऱ्होड आयलंडनं १८४२ साली लोकांच्या संमतीशिवाय ५०,००० डॉलरच्या वर कर्ज काढायला बंदी घातली. न्यूयॉर्कनं १८४६ साली मोठ्या कर्जासाठी मतदान सक्तीचं केलं. इंडियानानं १८५१ च्या घटनेत दारच लावून घेतलं: तात्पुरती तूट, जुन्या कर्जाचं व्याज आणि आक्रमण किंवा बंड, एवढ्यापुरतीच मुभा.

कर्ज थांबलं का? त्यानं पत्ता बदलला. आधी ते शहरांच्या नावावर गेलं, पुढे स्वतंत्र प्राधिकरणांच्या. (महामंडळाच्या रोख्यांवर कृष्णा खोऱ्यातली धरणं उभी राहताना पाहिलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल.) शिवाय तोंडमिळवणी मागतात ती मुख्यतः चालू खर्चाची, बांधकामासाठी रोखे काढता येतात. नियमाचा खरा चटका बसतो मंदीत. करवसुली घटते आणि नेमक्या त्याच वेळी खर्चाला कात्री लावावी लागते. २००८ नंतर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या त्या अशाच.

कात्री नको असेल तर हातचलाखी. कॅलिफोर्नियानं २००९ साली ठरवलं, की पुढच्या वर्षीचा ३० जूनचा पगार १ जुलैला द्यायचा. एका रात्रीत अब्जावर डॉलरचा खर्च पुढच्या आर्थिक वर्षात गेला. इतकी स्वस्त बचत करायला खरोखर डोकं लागतं.

ॲरिझोनानं २०१० च्या जानेवारीत सरकारी इमारतींवर गुंतवणूकदारांकडून ७३.५ कोटी डॉलर उभे केले. इमारती विकायच्या आणि त्याच भाड्यानं घ्यायच्या, असा तो करार. यादीत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या इमारतीही होत्या. विक्रीचा पैसा त्या वर्षीच्या जमेत धरला, भाडं पुढच्या वर्षांच्या खर्चात. आणि आमदार त्याच खुर्च्यांवर, आता भाडेकरू म्हणून बसले.