आर्गॉनाचा शोध

वातावरणातील कोरड्या हवेत घनफळाने सु. ०·९३ टक्के असणाऱ्या आर्गॉन या वायुरूप मूलद्रव्याचा शोध लॉर्ड रॅली व विल्यम रॅम्झी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये लावला. नायट्रोजनाच्या दोन वजनांतील सु. ११ मिग्रॅ. फरकाचा पाठपुरावा करताना तो लागला. मापनाच्या अचूकतेचा द्रव्याच्या स्वरूपाच्या ज्ञानाशी असलेला निकट संबंध या शोधाच्या इतिहासातून स्पष्ट होतो.

पार्श्वभूमी : सर्व मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनाच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असावेत, असे गृहीतक विल्यम प्राउट यांनी १८१५ मध्ये मांडले होते. ते खरे ठरल्यास सर्व द्रव्य मूलतः एकाच घटकाचे बनलेले आहे, असे मानण्यास आधार मिळाला असता. त्याची कसोटी पाहण्यासाठी रॅली यांनी वायूंच्या घनता नव्याने काढण्याचे काम हाती घेतले. ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या घनतांचे गुणोत्तर १६ न येता सु. १५·८८ आले. त्यानंतर ते नायट्रोजनाकडे वळले.

मापनपद्धती : सु. १·८ लिटर धारकतेचा काचेचा गोल एकदा निर्वात करून व एकदा ०° से. तापमानास ज्ञात दाबाखाली वायूने भरून तोलण्यात येई. तराजूच्या दुसऱ्या बाजूस तितक्याच बाह्य घनफळाचा बंद गोल टांगलेला असे. त्यामुळे भोवतालच्या हवेचे उत्प्लावक बल दोन्ही बाजूंस सारखेच राही. निर्वात गोल बाहेरील दाबामुळे किंचित आकसतो व त्यामुळे पूर्वीच्या मापनांत त्रुटी राहिली होती, हेही रॅली यांनी दाखवून दिले.

विसंगती : प्रथम वापरलेल्या पद्धतीत हवा अमोनियाच्या विद्रावातून नेऊन लाल होईपर्यंत तापविलेल्या तांब्यावरून सोडीत. हवेतील ऑक्सिजनाचा अमोनियातील हायड्रोजनाशी संयोग होऊन पाणी बनते व नायट्रोजन उरतो. आलेली वाचने परस्परांशी उत्तम जुळत होती. तरीही केवळ पडताळा म्हणून रॅली यांनी अमोनिया वगळून, हवेतील ऑक्सिजन फक्त तांब्याने काढून टाकला. हा नायट्रोजन पहिल्याहून सु. एक सहस्रांशाने जड भरला. पहिल्या पद्धतीतील नायट्रोजनाचा सु. एक सप्तमांश भाग अमोनियातून येत होता. म्हणून हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरून सर्व नायट्रोजन अमोनियापासूनच मिळविला, तेव्हा फरक कमी न होता सु. दोनशेत एक इतका वाढला. एकाच पद्धतीची वाचने परस्परांशी जुळणे म्हणजे ती यथार्थ असणे नव्हे, हे येथे उघड झाले.

सप्टेंबर १८९२ मध्ये रॅली यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांकडे या फरकाचे स्पष्टीकरण मागितले. पुढील प्रयोगांत गोलात मावणाऱ्या हवेतील नायट्रोजनाचे वजन सरासरी २·३१०२ ग्रॅ., तर संयुगांपासून मिळविलेल्या नायट्रोजनाचे सु. २·२९९० ग्रॅ. भरले. हवेतील नायट्रोजनाची वाचने परस्परांपासून अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा अधिक ढळत नव्हती. त्यामुळे ११ मिग्रॅ. फरक प्रयोगातील अनिश्चिततेचा मानता येत नव्हता. संयुगांपासून मिळालेल्या वायूत हलक्या हायड्रोजनाची भेसळ असावी, ही शंका प्रयोगाने दूर झाली. विद्युत् विसर्जनाने किंवा वायू आठ महिने साठवून ठेवल्यानेही त्याच्या घनतेत बदल झाला नाही. तेव्हा हवेतील नायट्रोजनात एखादा जड वायू मिसळलेला असावा, हा पर्याय उरला.

अलगीकरण : हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवा व ऑक्सिजन यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून बनलेली संयुगे क्षारात शोषून घेतली होती, शेवटी मूळ नायट्रोजनाच्या १/१२० हून अधिक नसलेला एक बुडबुडा शिल्लक राहिला. या नोंदीचे महत्त्व शंभराहून अधिक वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. रॅली यांनी हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. रॅम्झी यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमावरून पुनःपुन्हा नेला. नायट्रोजन शोषला जाऊन उरलेल्या वायूची घनता हायड्रोजनाच्या तुलनेत १४ वरून सु. २० पर्यंत वाढली. अशा वायूचे नायट्रोजनातील सु. १·२ टक्के मिश्रण वजनात दोनशेत एक इतकी वाढ घडविते, म्हणजेच मूळ विसंगतीचा पूर्ण हिशेब लागतो. १३ ऑगस्ट १८९४ रोजी ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात हा शोध जाहीर झाला. कोणत्याही पदार्थाशी संयोग न पावणाऱ्या या वायूस ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आर्गॉन हे नाव मिळाले.

स्वरूपाविषयीचा वाद : या वायूतील ध्वनीच्या वेगावरून काढलेले विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १·६७ च्या जवळ आले. त्यावरून त्याचा रेणू एकाच अणूचा बनलेला व अणुभार सु. ४० ठरत होता. परंतु मग तो ३९·१ अणुभाराच्या पोटॅशियमाच्या पुढे जाई व आवर्त सारणीचा क्रम बिघडे. यामुळे द्मित्री मेंडेलेव्ह यांच्यासह काहींना तो तीन अणूंचा नायट्रोजन असावा असे वाटले. १८९५ मध्ये रॅम्झी यांना क्लीव्हाइट खनिजात हीलियम सापडला. १८९८ मध्ये त्यांनी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन शोधून काढले. त्यामुळे सारणीत एक संपूर्ण नवा गट प्रस्थापित झाला. १९०४ मध्ये रॅली यांना भौतिकीचे व रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पोटॅशियमाशी असलेला क्रमभंग हेन्री मोझली यांनी १९१३ मध्ये केलेल्या क्ष-किरण वर्णपटांच्या अभ्यासानंतर उलगडला. मूलद्रव्याचे स्थान अणुभाराने नव्हे, तर अणुक्रमांकाने ठरते व आर्गॉनाचा अणुक्रमांक १८, पोटॅशियमाचा १९ आहे. हवेतील बहुतेक आर्गॉन खडकांतील पोटॅशियम-४० च्या किरणोत्सर्गी क्षयाने निर्माण झालेला आर्गॉन-४० असल्याने त्याचा अणुभार अधिक भरतो. त्याच्या पूर्ण निष्क्रियतेची कल्पनाही पुढे मर्यादित झाली. २००० मध्ये फिनलंडमधील हेल्सिंकी येथे अतिनीच तापमानास आर्गॉन, हायड्रोजन व फ्ल्युओरीन यांचे संयुग मिळविण्यात आले.