डोळ्यातली लेन्स सरकली तर ती पुन्हा कशी बसवतात?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी माझ्या आजीला अचानक धूसर दिसायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आतली लेन्स सरकलीय." मग त्यांनी आधीच्या लेन्सचं कार्ड मागितलं. ते काही घरात सापडेना! त्या कार्डाला एवढं महत्त्व का, ते मला तेव्हा कळलं.

आपली नैसर्गिक लेन्स एका पातळ पारदर्शक पिशवीत असते. मोतीबिंदू काढताना डॉक्टर पिशवी तशीच ठेवतात आणि नवी लेन्स तिच्यात बसवतात, ट्रेमध्ये सिम बसवावं तसं. पण मार लागून किंवा वयानुसार पिशवीला धरणारे बारीक धागे तुटले, तर ट्रेच निखळतो. मग दुसरा आधार शोधावा लागतो.

बुबुळाचा आधार : लेन्सच्या कडेच्या चिमट्यांत आयरिसचा, म्हणजे बुबुळातल्या रंगीत भागाचा थोडा भाग पकडतात.

टाके : लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागाला केसापेक्षा बारीक दोऱ्याने शिवतात. काही वर्षांनी हा दोरा तुटू शकतो.

गोंद : लेन्सचे दोन बारीक पाय पांढऱ्या भागात खोचून वर फायब्रिन ग्लू लावतात. ही पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये आणली.

यामाने पद्धत : जपानच्या डॉ. शिन यामाने यांनी २०१७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. दोन बारीक सुयांमधून लेन्सचे पाय बाहेर काढतात, टोकांना उष्णता देऊन छोटी गाठ करतात आणि ती पांढऱ्या भागात दडवतात. ना टाका, ना गोंद.

आता कार्डाचं महत्त्व बघा. शेवटच्या दोन पद्धतींना सहसा थ्री-पीस लेन्स लागते. सरकलेली लेन्स थ्री-पीस असेल, तर बऱ्याचदा तीच पुन्हा बसवता येते. सिंगल-पीस असेल, तर सहसा ती काढून नवी घालावी लागते.

म्हणून एक काम आजच करा. घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर लेन्स-कार्डाचा फोटो काढून फोनमध्ये सेव्ह करा. आणि त्यांना अचानक धूसर दिसलं, प्रकाशाच्या चमका किंवा काळे ठिपके दिसले, नजरेसमोर सावली आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. थांबू नका.